बर्फाच्या झांकणाखालीं

आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांचे धाकटे चिरंजीव अमेरिकेच्या उत्तरेस मिनेसोटा संस्थानांत संसार मांडून आहेत. घरामागील बागेंत त्यांनीं कमरेइतकें खोल असें एक लहानसें तळें खणून त्यांत पांच जपानी कोई मासे व तीन सोनेरी मासे सोडले होते. हिवाळ्यांत तळें वरून गोठलें, त्यावर हिमाचा थर बसला, आणि एप्रिलांत तें सारें वितळलें तेव्हां पांचही कोई पांढरीं पोटें वर करून तरंगत असलेले आढळले. तिन्ही सोनेरी मासे मात्र जिवंत होते. शेजारच्या गृहस्थांनीं सांगितलें कीं, बर्फाला भोंक पाडावयास हवें होतें. तेव्हांपासून सात वर्षांचा नातू बापावर रुसून बसला आहे. "बाबांनीं भोंक पाडलें नाहीं, म्हणून मासे थंडीनें मेले," असें तो दूरध्वनीवर आजीला पुन्हां पुन्हां सांगतो. आजीबाईंनीं आम्हांस विचारलें आहे कीं, यांत थंडीचा दोष किती आणि बापाचा किती?

उत्तर आधींच देऊन टाकतों. थंडीचा दोष मुळींच नाहीं. बापाचा थोडा आहे. पण तो जानेवारींतला नव्हे, ऑक्टोबरांतला आहे. आणि भोंकाचा तर त्यांत फारसा संबंधच नाहीं.

मासा हा आपल्यासारखा ऊन रक्ताचा प्राणी नव्हे. पाण्याची जी ऊब तीच त्याच्या अंगाची ऊब. पाणी निवूं लागलें कीं त्याचें हृदय मंद चालतें, भूक ओसरते, हालचाल थांबत येते. कोई म्हणजे रंगरूपासाठीं निवडून वाढविलेला कार्प. आपल्याकडील रोहू, कटला व मृगळ हे त्याचे चुलत भाऊ. पाणी आठ-दहा अंश सेंटिग्रेडच्या खालीं गेलें कीं कार्प खाणें जवळजवळ सोडतो आणि तळाशीं कळप करून स्वस्थ पडून राहतो. तेथें त्याला बर्फाचा स्पर्शही होत नाहीं. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतें, हें शाळेंतील मुलें घोकून पाठ म्हणतात; त्या घोकंपट्टीचा अर्थ येथें दिसतो. चार अंशांचें पाणी तळाशीं बसतें, त्याहून थंड झालेलें पाणी हलकें होऊन वर राहतें, आणि तेंच शून्यावर गोठून तळ्याचें झांकण होतें. बाहेर हवा शून्याच्या खालीं वीस अंश असली, तरी या झांकणाखालीं माशाला राहण्याजोगी जागा असते.

थंड पाण्याचा दुसराही एक उपकार आहे. तीस अंशांचें पाणी, म्हणजे आपल्याकडील उन्हाळ्यांतलें तळें, लिटरामागें साडेसात मिलिग्रॅमांच्या आसपास प्राणवायु सामावून घेऊं शकतें. चार अंशांचें पाणी तेरा मिलिग्रॅम घेतें. तेव्हां गोठण्याच्या आधींच्या आठवड्यांत, वाऱ्यानें ढवळून निघालेल्या तळ्याची प्राणवायूची कोठी जितकी भरलेली असते, तितकी ती वर्षांत सहसा केव्हांही नसते. आणि अशा वेळीं झांकण बसतें.

कोंकणांतल्या जुन्या घरांतून पावसाळ्याची बेगमी कशी होत असे, हें आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. भात, लाकडें, गोवऱ्या, मीठ, मिरच्या, पापड, आंबोशी, सारें रोहिणी निघण्यापूर्वीं माळ्यावर चढलेलें असे. कारण एकदां ओढे-नाले भरले कीं बाजाराची वाट बंद. मग माळा केवढा, खाणारीं तोंडें किती आणि पाऊस किती लांबतो, एवढ्या तीन गोष्टींवर घराची लाज अवलंबून. गोठलेल्या तळ्याचा संसार नेमका याच हिशेबाचा आहे. हवेच्या एका लिटरांत पाण्याच्या वीसपट प्राणवायु आहे, पण ती हवा बर्फाच्या पलीकडे. बाजार भरलेला आहे, वाट बंद आहे.

हिशेब मांडूनच पाहूं. तळें एक मीटर खोल. वरचे तीस सेंटिमीटर गोठले. एका चौरस मीटराखालीं उरलें ७०० लिटर पाणी. लिटरामागें १३ मिलिग्रॅम धरले तर ९ ग्रॅमांहून किंचित् अधिक प्राणवायु शिलकीस आहे. लिटरामागें दोन-तीन मिलिग्रॅमांखालीं उतरलें कीं बहुतेक माशांस धोका. म्हणून तीन मिलिग्रॅम सोडून देऊं. वापरण्याजोगे राहिले ७ ग्रॅम. तळ्याचा रोजचा खर्च चौरस मीटरामागें पाव ग्रॅम धरला, तर ही पुंजी २८ दिवस पुरते. तेंच तळें दोन मीटर खोल असतें, तर याच रीतीनें ६८ दिवस निघाले असते. खोली दुप्पट, पण दिवस अडीच पटींच्या जवळपास. कारण बर्फ दोन्ही तळ्यांतून सारखाच तुकडा कापून घेतो. पाव ग्रॅमाचा आंकडा आम्हीं उदाहरणादाखल घेतला आहे; तळ्यागणिक तो पालटतो. परंतु मिनेसोटांत असलें तळें चार-चार महिने झांकलेलें राहतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे कमरेइतक्या पाण्याची बेगमी किती तोकडी आहे तें समजून येईल.

आतां ही कोठी खातो कोण? मासे नव्हेत. चूल जवळजवळ विझवून पडलेल्या आठ माशांचा खर्च तो किती! खरा खाणारा तळाशीं बसला आहे. तो म्हणजे गाळ. उन्हाळाभर माजून मेलेलें शेवाळ, शरद ऋतूंत झाडांवरून गळून पाण्यांत पडलेलीं पानें, न खाल्लेलें खाद्य, माशांची विष्ठा, हें सारें सूक्ष्म जंतु रात्रंदिवस कुजवीत असतात, आणि कुजविण्याला प्राणवायु लागतो. थंडीनें त्यांचा वेग मंदावतो, पण काम बंद पडत नाहीं. प्राणवायु सरला कीं वेगळ्या जातीचे जंतु पुढें सरसावतात व सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी असलेला गंधकाचा विषारी वायु निर्माण करतात. त्यालाही झांकणामुळें बाहेर जाण्यास वाट नसते. आमच्या वाचकभगिनींनीं पत्राच्या शेवटीं सहज लिहिलें आहे कीं, तळ्याच्या काठीं मेपलचीं दोन मोठीं झाडें असून त्यांचीं तांबडीं पानें पाण्यावर फार शोभतात. आम्हांस वाटतें, त्या शोभेचीच किंमत पांच कोयांनीं दिली.

खर्चाबरोबर या कोठींत थोडी आवकही असते, आणि ती बहुधा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. कांचेसारखा स्वच्छ बर्फ उजेडाला फारसा अडवीत नाहीं. त्याखालीं सूक्ष्म हिरवें शेवाळ भर हिवाळ्यांतही जिवंत असतें व ऊन पडेल त्या दिवशीं प्राणवायु तयार करतें. कित्येकदां इतका कीं, पाणी मावेल त्याहून अधिक प्राणवायूनें भरून जातें. परंतु त्या कांचेवर वीतभर हिम पडलें कीं खालीं काळोख. शेवाळाची गिरणी बंद पडते आणि गाळाचें जेवण तेवढें चालूं राहतें. तळ्याला आंधळें करतें तें बर्फ नव्हे, वरचें हिम. आणि हिम झाडूनें काढतां येतें. हिमवृष्टि उदंड झालेल्या हिवाळ्यांत उथळ तळ्यांतील मासे अधिक मरतात, याचें मुख्य कारण हेंच.

असला प्रकार आपल्याकडे घडत नाहीं असें मात्र समजूं नये. श्रावणांत आभाळ चार दिवस गच्च राहिलें कीं खत-खाद्य भरपूर घातलेल्या आपल्या मत्स्यतळ्यांतून पहाटेच्या सुमारास मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. तेथें झांकण ढगांचें असतें, आणि बाकी सर्व तेंच. फरक एवढाच कीं, आपल्या तळ्याची वाट सकाळीं ऊन पडतांच उघडते. उत्तरेकडील तळ्याला वसंताची वाट पाहावी लागते.

हें शास्त्र कळण्याच्या कितीतरी आधीं त्यावरचा इलाज माणसानें शोधून ठेवला होता. चेक देशाच्या दक्षिणेस त्रेबोन नांवाचें गांव आहे. भोंवतालच्या दलदलीच्या मुलखांत तेथील सरदार घराण्यानें तळीं बांधविलीं आणि तीं एकमेकांस जोडणारा सुमारें ४८ किलोमीटर लांबीचा कालवा सोळाव्या शतकाच्या आरंभीं श्तेपानेक नेतोलिकी या तळेबांध्यानें खोदला. त्याला 'सोनेरी कालवा' म्हणतात. पुढें याकुब क्रचीन यानें १५८४ ते १५९० या काळांत रोझमबर्क नांवाचें सुमारें ४९० हेक्टरांचें तळें बांधलें. तें अद्याप नांदतें आहे. त्याआधीं, १५४७ सालीं, म्हणजे दख्खनेंत निजामशाही आणि आदिलशाही एकमेकींशीं झुंजत होत्या तेव्हां, यान दुब्राव्हियस या बिशपानें मत्स्यतळ्यांवर लॅटिनमध्यें एक ग्रंथ छापून प्रसिद्ध केला होता. माशांच्या तळ्यावर धर्मगुरूनें ग्रंथ लिहावा याचें आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. पण ख्रिस्ती उपासाच्या दिवशीं मांस वर्ज्य आणि मासा चालतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे नवल उरत नाहीं.

त्रेबोनच्या तळ्यांतला कार्प २४ डिसेंबरच्या रात्रीं चेक कुटुंबांच्या पानांत पडतो. पण पानांत पडण्याजोगा होण्यास त्याला तीन-चार वर्षें लागतात, म्हणजेच दोन-तीन हिवाळे बर्फाखालून काढावे लागतात. आपल्याकडे पाऊस फसला तर शेतकऱ्याचें एका सालाचें पीक जातें. तेथें एका वाईट हिवाळ्यानें तीन सालांची मेहनत एका तळ्यांत पांढरी होऊन तरंगूं शकते. म्हणूनच लहान मासे शरदांत मोठ्या उथळ तळ्यांतून काढून हिवाळ्यापुरते वेगळ्या, खोल आणि वाहत्या पाण्याच्या तळ्यांत नेऊन ठेवण्याची चाल पडली. चेक भाषेंत या तळ्यांना कोठीच्या खोलीसाठीं जो शब्द आहे त्यावरूनच नांव पडलें आहे. एका बाजूनें पाणी येतें, दुसऱ्या बाजूनें जातें. येणारें पाणी थोडें उंचावरून पडूं दिलें म्हणजे तें पडतांना हवा घेऊनच येतें. यंत्र नाहीं, वीज नाहीं. बाजाराची वाट बंदच होऊं द्यावयाची नाहीं, एवढीच युक्ति.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याच त्रेबोनच्या जहागिरीवर योसेफ शुस्ता यांनीं कार्पाच्या आहाराचा कसून अभ्यास केला आणि तळ्यांस चुना व खत देऊन उत्पन्न कसें वाढवावें याचा मार्ग घालून दिला. मासे वाढले खरे. पण पोसलेलें तळें म्हणजे अधिक शेवाळ, अधिक शेवाळ म्हणजे अधिक गाळ, आणि अधिक गाळ म्हणजे हिवाळ्यांत अधिक भूक. उन्हाळ्यांत जें तळें सढळ हातानें देतें, तेंच हिवाळ्यांत व्याजासह वसुली करतें.

कोठींत किती शिल्लक आहे हें बर्फावरून चालून कळत नाहीं, मोजावें लागतें. ती रीत बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनीं १८८८ सालीं शोधून काढली, आणि आमच्या मतें रसायनशास्त्रांतील अत्यंत देखण्या रीतींपैकीं ती एक आहे. बाटली बुडबुडा न राहील अशी पाण्यानें कांठोकांठ भरावयाची. तींत मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड घातलेला अल्कली सोडावयाचा. पाण्यांत प्राणवायु असेल तर तपकिरी सांका धरतो. नसेल तर सांका पांढराच राहतो. पुढें आम्ल घालून सुटलेलें आयोडीन मोजतात, त्यावरून प्राणवायूचा आंकडा निघतो. आज खिशांत मावणाऱ्या विजेच्या उपकरणानें हें काम क्षणांत होतें. तरी पांढरा सांका पाहून तळेकऱ्याच्या पोटांत जो गोळा येत असेल, तो आंकडा वाचून येईल काय, याची आम्हांस शंका आहे.

आतां शेजाऱ्यांच्या भोंकाकडे वळूं. स्थिर पाण्यांतून प्राणवायु स्वतःहून फार मंद पसरतो, आणि झांकणाखालचें पाणी स्थिरच असतें. घागरीच्या तोंडाएवढ्या भोंकांतून जो प्राणवायु आंत शिरेल तो भोंकाभोंवतींच रेंगाळेल. साऱ्या तळ्याची भूक त्यानें भागणार नाहीं. शिवाय एका रात्रींत भोंक पुन्हां गोठतें. विषारी वायूंना बाहेर पडण्यास वाट मिळते, हा फायदा खरा आहे, व बागेंतल्या लहान तळ्यांत तेवढ्यासाठीं भोंक राखण्यास आमची हरकत नाहीं. मात्र कुऱ्हाडीचे किंवा हातोड्याचे दणके देऊन तें पाडूं नये. निपचित पडलेले मासे त्या हादऱ्यानें बिचकून धावूं लागतात, आणि काटकसरीनें साठविलेली शक्ति व प्राणवायु दोन्ही उधळतात. ऊन पाण्याचें पातेलें बर्फावर ठेवलें कीं भोंक आपोआप पडतें.

भोंकाहून वेगळी गोष्ट म्हणजे पाण्यांत हवा खेळविणें. विजेच्या लहान पंपानें नळींतून हवा सोडतात. लोकांस वाटतें कीं बुडबुड्यांतला प्राणवायु पाण्यांत विरतो. तो विरतो, पण थोडा. बुडबुड्यांचें मोठें काम हमालीचें. ते खालचें किंचित् कोमट पाणी वर आणतात. त्यानें बर्फ वितळून खिडकी उघडी राहते, आणि त्या खिडकींत पाण्याची व हवेची सतत गांठ पडते. येथें दोन चुका वारंवार होतात. एक, नळी सर्वांत खोल जागीं ठेवणें. त्यामुळें माशांच्या निजेची चार अंशांची गादीच उचलून वर येते व सारें तळें शून्याकडे निवत जातें. नळी उथळ बाजूस असावी. दुसरी चूक अधिक घातक: मासे तडफडूं लागल्यावर पंप सुरू करणें. तोंवर तळाचें पाणी निष्प्राण व विषारी झालेलें असतें. पंप तें आणि गाळ मिळून ढवळून वर आणतो, आणि जो थोडा प्राणवायु वरच्या थरांत उरला होता तोही खाऊन टाकतो. पंप चालवावयाचा तर झांकण धरण्याच्या सुमारासच. आणखी एक धोका माणसांचा आहे. पंपानें आजूबाजूचा बर्फ पातळ होतो व वरून तें दिसत नाहीं. म्हणून मिनेसोटांत सार्वजनिक तळ्यांवर असलें यंत्र बसविण्यास परवाना लागतो आणि धोक्याच्या पाट्या लावाव्या लागतात.

सायबेरियांतील ओब नदीला मात्र पंप कोण लावणार? दलदलींतून आलेल्या तिच्या पाण्यांतला प्राणवायु बर्फाखालीं हिवाळ्याच्या मध्यास सरतो. या दरसालच्या गुदमरण्याला रशियन भाषेंत 'झामोर' असा खास शब्दच आहे. मासे आधींच खाडीकडे पळ काढतात किंवा जिवंत झऱ्यांच्या तोंडाशीं दाटी करतात. तळ्यांतल्या माशाला पळावयास जागा नाहीं, हेंच त्याचें दुर्दैव.

राहिलें सोनेरी माशांचें कोडें. थंडीनें मारलें असतें तर आठही मारले असते. तिघांचें वांचणें हाच गुदमरण्याचा पुरावा आहे. प्राणवायु संपला कीं बहुतेक प्राण्यांच्या अंगांत दुग्धाम्ल सांचतें व तें घात करतें. सोनेरी मासा आणि त्याचा युरोपांतला भाऊ क्रुशियन कार्प या आम्लाचें मद्यार्कांत रूपांतर करतात आणि तें कल्ल्यांवाटे पाण्यांत सोडून देतात. सोनेरी माशांतील ही किमया शुब्रिज व होचाच्का या शास्त्रज्ञांनीं १९८० सालीं दाखविली, आणि तीमागील अंतर्रचना ऑस्लो व लिव्हरपूल येथील संशोधकांनीं २०१७ सालीं उलगडली. क्रुशियन कार्पाच्या १०० मिलिलिटर रक्तांत अशा वेळीं ५० मिलिग्रॅमांहून अधिक मद्यार्क आढळतो. भारतांत ३० मिलिग्रॅमांच्या वर गेलेल्या मनुष्यास मोटार हांकण्याबद्दल शिक्षा होते! क्रुशियन कार्प या युक्तीवर प्राणवायूवांचून महिनेच्या महिने काढतो. सोनेरी मासा इतका नव्हे, पण अखेरचे कठीण दिवस निभावून नेण्यापुरता. कोयाला ही विद्या येत नाहीं. तो काटक खरा, पण लिटरामागें एक मिलिग्रॅमाच्या आसपास त्याचाही टिकाव लागत नाहीं. सोनेरी माशांच्या या व्यसनाची हकीकत आजीबाईंनीं नातवाला सांगावी कीं नाहीं, तें त्यांनींच ठरवावें.

बापलेकांस आमचें सांगणें असें. येत्या उन्हाळ्यांत तळें निदान दोन मीटर खोल करावें व तळाचा गाळ उपसून टाकावा. सप्टेंबर उजाडतांच त्यावर जाळें ताणावें आणि पानें पाण्यांत पडूं देऊं नयेत. पडलीं तीं रोज काढावीं. पाणी दहा अंशांखालीं गेलें कीं खाद्य बंद. पंप उथळ बाजूस, झांकण धरण्याच्या दिवसांत सुरू करावा. आणि हिम पडलें कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं निदान अर्ध्या तळ्यावरचें झाडून काढावें. हें शेवटचें काम सात वर्षांच्या मुलाचें आहे. मात्र पंप चालूं असल्यामुळें बर्फावर पाऊल न टाकतां, काठावर उभें राहून, लांब दांड्याच्या झाडूनें.